एकच जोडी

एनॉक थ्रेलफॉलकडे बुटांची एकच जोडी होती.
हिवाळ्यात तळव्यांना चामड्याच्या पट्ट्या, फुटबॉलसाठी.
मे लागला की पट्ट्या उचकटायच्या, खिळे ठोकायचे.
हे काम माझ्या बापाचं: सायलस नटॉल, मोची,
हार्थवेलच्या कापडगिरणीला पाठ लावून बसलेलं दुकान.
खिळे मोजणं माझ्याकडे.
एका बुटाला सहा.

थंडीत तो लेफ्ट हाफ, उन्हाळ्यात डावखुरा, संथ गोलंदाज.
आई म्हणायची, या माणसाला घरी बसायचा ऋतूच दिला नाही देवाने.
त्याची बायको केझाया काही म्हणायची नाही.
ती बारा महिने त्याची माती धुवायची.

मैदानाला दारं दोन.
बिनपगारी साहेब मधल्या दारातून, पांढऱ्या पायऱ्या उतरत;
एनॉक बाजूच्या, जिथे रोलर ठेवत.
छापील कार्डावर साहेबांचं आद्याक्षर आडनावाच्या पुढे,
त्याचं मागे, गाडीला बांधलेल्या कुत्र्यासारखं.
मी विचारलं, तुम्हाला राग नाही येत?
म्हणाला, "चेंडूला वाचता येत नाही, पोरा."

सप्टेंबरातला तो शनिवार. एक हंगाम उठायला तयार नाही,
दुसरा दारात येऊन उभा.
सकाळी एकवीस षटकं, त्यातली अकरा निर्धाव,
शेवटचा झेल स्वतःच्याच गोलंदाजीवर, गवताला नाक लावून.
तेव्हा पावणेदोन वाजले होते.
साडेतीनला ऑसबीत फुटबॉल.
मध्ये सात मैल, आणि प्लाटची दुधाची गाडी.

गाडीत बाप सांडशीने एकेक खिळा उपटतोय,
एनॉक अनवाणी, पावाला लावलेली थंड चरबी चाखतोय,
रिकामे कॅन एकमेकांवर आपटताहेत,
आणि मी, नऊ वर्षांचा, डब्यात बोट घालून मोजतोय.
अकरा.
पुन्हा मोजले.
अकरा.
"झाले का रे बारा?" बापाने वर न बघता विचारलं.
मी म्हणालो, झाले.

ऑसबीचा राइट विंगर म्हणजे खाणीतला कोवळा पोरगा,
पोटऱ्या अजून बाईसारख्या गुळगुळीत.
तो तीनदा एनॉकला चुकवून गेला.
तिन्ही वेळा एनॉकने डावा पाय
पुढे घातलाच नाही.
लोक ओरडले, झोपलास का, क्रिकेटवाल्या!
कोणीतरी सफरचंदाचा गाभा फेकला.
मी कुंपणाच्या फटीतून त्याचा डावा बूट बघत होतो,
तो जमिनीवर किती जपून टेकतो ते.
तीन-एक हरलो.
मंगळवारी यादीतून त्याचं नाव गेलं,
आठवड्याचे तीन पौंडही.
पुढच्या मे महिन्यात तो बूट घेऊन आला, नेहमीसारखा.
बापाने खिळे ठोकले. बापाला काही विचारलं नाही त्याने.
मलाही नाही.

मग युद्ध, मग गुडघा, मग बाप गेला.
मैदानाने एनॉकला माळी म्हणून ठेवलं.
रोलर ओढायला डचेस नावाची म्हातारी घोडी,
खेळपट्टीवर खूर उमटू नयेत म्हणून
तिला चामड्याचे जोडे लागायचे.
एका सकाळी तो माझ्या दुकानात आला,
कागदात गुंडाळलेली ती जोडी घेऊन.
"यातून दोन निघतील. पुढच्या पायांना.
मागच्यांना पोती बांधीन."

मी डावा बूट उलटा केला.
पाच भोकं सरळ, बापाच्या हातची.
सहावं फाटलेलं, वेडंवाकडं,
घरी, रात्री, चिमट्याने कुणीतरी घाईत उपटल्यासारखं.
मी त्यावर अंगठा ठेवला. बराच वेळ ठेवला.
तो दारातून घोडीकडे बघत होता.
"डावीकडे झुकते ती," म्हणाला,
"तिकडे जाड लाव."
मी सुई घेतली
आणि टाके मोठ्याने मोजायला लागलो.